डिजिटल चेस्ट ड्रेन मशीन घ्यावं का? थोरॅसिक ओटीतल्या सिस्टरचा रिव्ह्यू

मी मुंबईत थोरॅसिक ओटीला, म्हणजे छातीच्या ऑपरेशन थिएटरला, सिस्टर आहे, त्याआधी वॉर्डला होते, त्यामुळे ड्रेनच्या, म्हणजे छातीतली हवा-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटल्या, त्याच नळीला लावायच्या आयसीडी बॅगा, त्यातलं बबलिंग हे सगळं रोजच्या हाताखालचं. आमच्याकडे आता बऱ्याच काळापासून डिजिटल ड्रेन आहे, मेडेला कंपनीचं थोपाझ प्लस, आणि दुसऱ्या हॉस्पिटलातल्या ओळखीच्या सिस्टर, नर्सिंग होमवाले डॉक्टर, कधी कधी पेशंटचे नातेवाईकसुद्धा विचारतात की एवढे पैसे टाकून घेण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, मशीन चांगलं आहे, परवडत असेल तर घ्या, पण दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये लीक, म्हणजे फुफ्फुसातून हवा निसटायची जागा, शोधायचं काम हे करेल या भरवशावर घेऊ नका. लीक किती आहे ते मशीन सांगतं. कुठे आहे ते छातीत टाकलेल्या पाण्यातच दिसतं, आणि ते पेशंट टेबलवर असतानाच बघायचं असतं, वॉर्डला गेल्यावर नाही.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं. फुफ्फुसाचा तुकडा किंवा अख्खा लोब (फुफ्फुसाचा मोठा भाग) काढला की पिना मारून बंद केलेल्या स्टेपलरच्या लाइनमधून, किंवा दोन लोब एकमेकांपासून सोडवताना जिथे वरचं आवरण फाटतं तिथून, हवा छातीत निसटत राहते. ती बाहेर यावी म्हणून ड्रेन टाकतात. बहुतेकांची हवा एकदोन दिवसांत आपोआप बंद होते. काहींची होत नाही. ५ दिवसांच्या पुढे गेली की त्याला प्रोलाँग्ड एअर लीक म्हणतात, आणि मग सगळंच लांबतं, नळी राहते, नळी दुखते म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, ताप येतो, इन्फेक्शनची भीती, आणि बिल तर रोजचं वाढतंच. ऑपरेशन एकदम मस्त झालं, कट एवढासा, आणि तरी पेशंट आठवडाभर नळीसकट पडून आहे हे बघणं फार वाईट असतं, आणि यातले काही लीक तरी टेबलवरच पकडता आले असते हे आम्हाला माहीत असतं.

आता पाण्याच्या टेस्टबद्दल, कारण मशीनचा रिव्ह्यू त्याशिवाय अर्धाच राहील. आमचे सर नातेवाईकांना समजावताना सांगतात की पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो तसंच. लोकांना लगेच कळतं. पण पंक्चरवाला ट्यूब हातात धरून चारी बाजूंनी फिरवतो, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हात आत जातच नाही. बरगड्यांमधून दोन-तीन भोकं, कधी कधी एकच तीन-चार सेंटीमीटरचा कट, त्यातूनच कॅमेरा आणि त्यातूनच बाकीची इन्स्ट्रुमेंट्स. ऑपरेशनभर त्या बाजूचं फुफ्फुस डबल ल्युमेन ट्यूब (दोन्ही फुफ्फुसांना वेगवेगळी हवा देता येणारी श्वासाची नळी) टाकून हवा काढून मिटवलेलं असतं, म्हणून तर आत काम करायला जागा मिळते. लीक बघायचं तर त्यात हवा भरायला पाहिजे, आणि हवा भरली की फुफ्फुस फुगून सगळी जागा खातं, स्क्रीनवर नुसतं गुलाबी दिसतं. त्यात फुगलेलं फुफ्फुस पाण्यावर तरंगतं, म्हणजे नेमकी जी स्टेपलर लाइन बघायची ती पाण्याच्या वर राहते, नाहीतर एकदम मागच्या बाजूला जिथे कॅमेरा पोचत नाही. उघड्या ऑपरेशनमध्ये सर्जन हाताने फुफ्फुस पाण्याखाली दाबून हवं तसं वळवतात, इथे एका स्पंज स्टिकवर तेच काम करायचं असतं.

आमच्याकडे हे कसं करतात ते सांगते. सलाईन मी कोमट करून ठेवते, थंड टाकलं तर कॅमेऱ्याची लेन्स बुडून वर आली की लगेच धुकटते आणि मग पुसत बसा. रक्त असेल तर आधी एकदा धुऊन काढून टाकतो, कारण लाल पाण्यात बारीक बुडबुडा दिसत नाही, आणि जुन्या रक्ताचा फेस झाला की तोच लीक वाटतो. मग स्वच्छ सलाईन. सर म्हणतात, मॅडम पंधरा द्या, हळू. ॲनेस्थेशियाच्या मॅडम दाब हळूहळू चढवतात, १५ आणि मग २० सेंटीमीटर पाण्याएवढा, त्याच्या वर शक्यतो जात नाहीत, कारण जास्त दाबाने नाजूक फुफ्फुसाला नवीनच भोक पडायचं. सुरुवातीला भसाभस बुडबुडे येतात आणि नवीन रेसिडेंट (शिकणारा डॉक्टर) हमखास घाबरतो. ते लीक नसतं, फुफ्फुसाखाली आणि फटीत अडकलेली हवा असते. ती जाऊ द्यायची, थांबायचं, परत दाब द्यायचा. खरा लीक त्याच जागेवरून परत परत येतो, एकाच टोकातून बारीक माळ निघते, आणि त्या जागेवर पीनट (गॉझचा छोटा बोळा) टेकवलं की ती माळ थांबते, पीनट उचललं की परत चालू. हे दिसलं की जागा पक्की. मग तिथे ४-० प्रोलीनचा (बारीक धाग्याचा) टाका, किंवा सीलंट (भोक बुजवणारा चिकट पदार्थ), किंवा दोन्ही, आणि परत पाणी. शिवल्यावर परत पाणी टाकून बघणं ही पायरी उशीर झालेल्या लिस्टमध्ये पटकन गाळली जाते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. एम्फायसेमाच्या (हवेच्या पिशव्या फाटून फुफ्फुस नाजूक झालेल्या) पेशंटमध्ये तर टाका घातला की सुईच्याच भोकातून नवीन लीक सुरू होतो, तिथे दुसऱ्यांदा बघितलं नाही तर पहिल्यांदा बघून काय उपयोग.

किती लीक आहे तेही तिथेच लिहून ठेवतो. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे मोजता येतील असे सुटे बुडबुडे, २ म्हणजे सलग धार, ३ म्हणजे बुडबुडे एकमेकांत मिसळून येतात. आणि पाण्यात काही दिसलं नाही तरी मॅडम व्हेंटिलेटरवर आकडा बघतात, ४०० मिली आत दिले आणि ३३० च परत आले तर मधले कुठे गेले हा प्रश्न आहेच, मग परत शोधायचं. अर्थात ट्यूबचा कफ, म्हणजे ती श्वासनळीत घट्ट बसवणारा फुगा, नीट फुगलेला आहे ना ते आधी बघून.

मुंबईत हे सगळं अजून अवघड होतं त्याचं कारण टीबी. परदेशातल्या व्हिडिओत लोबेक्टॉमी (लोब काढायचं ऑपरेशन) बघितली तर फुफ्फुस छातीच्या भिंतीपासून मोकळं, स्वच्छ, गुळगुळीत. आपल्याकडे कुर्ला, गोवंडी, धारावीहून येणारा पेशंट बऱ्याचदा टीबीचा कोर्स करून आलेला असतो, आत सगळं चिकटलेलं. पू साठून फुफ्फुसावर जाड साल आलेलं असेल तर डिकॉर्टिकेशन करतात, ते साल सोलून काढलं की खालचा सगळा पृष्ठभागच उघडा पडतो, पाणी टाकलं की एका जागेवरून नाही, सगळीकडून फसफसतं. तिथे एकेक भोक शिवत बसणं शक्यच नसतं आणि कुणी बसतही नाही. मोठे फाटे शिवायचे, बाकीच्यांसाठी फुफ्फुस पूर्ण फुगून छातीच्या भिंतीला टेकेल एवढं बघायचं, टेकलं की बारीक लीक हळूहळू बंद होतात. आणि अशा पेशंटला मशीनचा खरा फायदा होतो, कारण इथे लीक आहे की नाही हा प्रश्नच नसतो, आज कालपेक्षा कमी आहे का एवढाच असतो.

तर आता मशीन. किलोभर वजनाचा डबा, स्वतःचा पंप, त्यामुळे भिंतीच्या सक्शनला नळी लावायची गरज नाही. ओढायचा दाब आपण सेट करायचा, वजा ८ ठेवा, वजा २० ठेवा (सेंटीमीटर पाण्यात), आणि मशीन तो दाब पेशंटच्या छातीजवळ मोजून सांभाळतं, पंप लागेल तेवढाच चालतो म्हणून आवाज फार नाही. नळीत दोन मार्ग असतात, एकातून हवा-पाणी येतं आणि दुसऱ्यातून दाब मोजला जातो, मधून मधून मशीन नळी स्वतः फ्लश करतं त्यामुळे नळीत पाणी साचून राहत नाही. स्क्रीनवर लीक मिली पर मिनिटमध्ये आणि बटण दाबलं की मागच्या तासांचा आलेख. बाटली नाही, पाणी नाही, त्यामुळे ट्रॉली ढकलताना बाटली आडवी होऊन वॉटर सील (हवा परत छातीत जाऊ न देणारं बाटलीतलं पाणी) गेलं हा प्रकारच संपला.

सगळ्यात मोठा फरक राउंडला पडतो. ज्यांनी वॉर्डला काम केलंय त्यांना माहीत आहे. बॅग असली की राउंडला सहा जण वाकून बॅगेकडे बघतात, काका खोका, अजून जोरात, एकाला बुडबुडा दिसतो एकाला दिसत नाही, कॉलम (नळीतलं पाणी) नुसता श्वासाबरोबर हलतोय की बबलिंग आहे यावर चर्चा, सकाळचा रेसिडेंट म्हणतो लीक आहे, संध्याकाळचा म्हणतो नाही, आणि शेवटी काय, राहू दे अजून एक दिवस. त्या एका दिवसाला कुणीच विचारत नाही की तो खरंच लागणार होता का. मशीनवर आलेख आहे. आमच्याकडे नियम असा की मिनिटाला २० मिलीच्या खाली सलग ८ तास, मध्ये उसळी नाही, एक्स-रेत फुफ्फुस फुगलेलं आणि पाणीही कमी, तर नळी निघते. रात्री दोन वाजता पेशंट खोकला तेव्हा काय झालं तेही आलेखात दिसतं, राउंडच्या वेळचं एका मिनिटाचं दृश्य बघून ठरवायला लागत नाही.

आकडे हवे असतील तर २०१४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, युरोप, अमेरिका आणि आशियातल्या हॉस्पिटलांत मिळून ३८१ पेशंट, निम्म्यांना डिजिटल आणि निम्म्यांना साधा ड्रेन. डिजिटलवाल्यांचा लीक सरासरी १ दिवस राहिला, साध्यावाल्यांचा २.२ दिवस, आणि हॉस्पिटलातला मुक्काम ४.६ विरुद्ध ५.६ दिवस. ब्रिटनमध्ये नाईस या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये थोपाझ प्लस वापरायला पाठिंबा दिला. पण सगळ्या अभ्यासांत असा फरक आलेला नाही, काहींमध्ये मुक्काम जवळपास सारखाच निघाला, आणि मला ते पटतं, कारण जिथे आधीपासूनच रोज नियमाने बघून नळी वेळेवर काढतात तिथे मशीनने अजून काय वाचवायचं. जिथे ‘राहू दे अजून एक दिवस’ जास्त चालतं तिथे फरक जास्त पडणार.

आकड्यावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका, आणि हे नाइट ड्युटीच्या मुलींना मी प्रत्येक वेळी सांगते. एकदा लोबेक्टॉमीच्या दुसऱ्या रात्री वॉर्डमधून फोन, सिस्टर, आकडा १५ वरून एकदम ६०० झालाय, टाका सुटला वाटतं, सरांना बोलावू का. पेशंट बघितला तर शांत, सॅच्युरेशन चांगलं, छातीवर हात फिरवला तर कुठे चरचर नाही म्हणजे सर्जिकल एम्फायसेमा (कातडीखाली शिरलेली हवा) नाही. ड्रेसिंग उघडलं. पेशंट बाथरूमला जाऊन आला होता, नळी जरा बाहेर ओढली गेली होती आणि नळीचं शेवटचं भोक कातडीच्या बाहेर डोकावत होतं, मशीन खोलीतली हवा ओढत होतं आणि लीक म्हणून मोजत होतं. मशीनची काही चूक नाही, त्याला हवा फुफ्फुसातून आली का बाहेरून हे कळायचा मार्गच नाही. म्हणून आकडा अचानक उडाला की आधी पेशंट बघायचा, मग ड्रेसिंग, मग प्रत्येक जोड, आणि मग क्षणभर छातीजवळ नळी दाबून बघायची, आकडा पडला तर हवा पेशंटच्या बाजूने येतेय, नाही पडला तर जोडात किंवा मशीनच्या बाजूला गडबड. क्षणभरच, लीक चालू असलेल्या पेशंटची नळी क्लॅम्प करून विसरणं म्हणजे जिवावरचा खेळ आहे. उलटंही होतं. आकडा शून्य, सगळे खूश, आणि नळीत रक्ताची गाठ अडकलेली असते किंवा पेशंट नळीवरच झोपलेला असतो. मशीन ब्लॉकचा अलार्म देतं, पण अलार्म बंद करून पुढे जायची सवय लागली की तोही वाया.

अजून एक वापर आम्ही सुरू केलाय आणि मला तो सगळ्यात आवडतो. ऑपरेशन संपताना, पाण्याची टेस्ट झाली, ड्रेन टाकला, फुफ्फुस फुगवलं, भोकं बंद केली, की पेशंटला बाहेर काढायच्या आधीच मशीन लावायचं आणि काही मिनिटं आकडा बघायचा. भोकं नीट बंद झालेली पाहिजेत, नाहीतर वर सांगितलं तसं बाहेरचीच हवा मोजली जाते. आकडा छोटा असेल आणि उतरत असेल तर ठीक. मोठा असेल आणि हलत नसेल तर सर परत कॅमेरा आत घालतात. ओटी लिस्ट लांबते, पुढचा पेशंट उपाशी थांबलेला असतो, वॉर्डबॉय मामा दोनदा दारातून डोकावून जातात, ॲनेस्थेशियाच्या मॅडमची लोकल चुकते, आणि तरी हे केलंच पाहिजे, कारण त्या वेळी दिलेली वीस मिनिटं पेशंटचे पुढचे कित्येक दिवस वाचवू शकतात आणि उद्या वॉर्डमध्ये त्याच लीकसाठी आपल्या हातात वाट बघण्यापलीकडे फार थोडं राहतं. हाइमलिक व्हॉल्व्ह (हवा फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) लावून नळीसकट घरी पाठवा, पेशंटचंच रक्त नळीतून आत सोडून लीक बंद होतोय का बघा, ते सगळं करतो आम्ही, उपयोगही होतो, पण ते नंतरचं.

पेशंटसाठी म्हणाल तर चालता येतं ही फार मोठी गोष्ट आहे. भिंतीचं सक्शन लावलेला माणूस बेडला बांधलेला असतो. मशीन खांद्याला अडकवून आमचे पेशंट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालतात, चाललं की फुफ्फुस उघडतं, कफ सुटतो. फक्त नातेवाईकांना एक सांगावं लागतं. आकडा समोर दिसतो म्हणून मुलगा रात्रभर स्क्रीनकडे बघत बसतो, ३० चे ५० झाले की धावत येतो. खोकल्यावर, उठून बसल्यावर आकडा चढणारच, आजी, काळजी करू नका, तासाभराने बघा, हे मी आधीच सांगून ठेवते आणि आलेख कसा वाचायचा तेही दाखवते. समजावलं की लोक फार छान साथ देतात, एका आजींची सून तर दर तासाला वहीत आकडा लिहायची.

पैशांचं. मशीन एकदा घ्यायचं पण कॅनिस्टर (छातीतलं पाणी जमा होणारा डबा) आणि नळी प्रत्येक पेशंटला नवीन, आणि ते पेशंटच्या बिलात जातं, साध्या बॅगेपेक्षा कितीतरी महाग. एक दिवस जरी लवकर डिस्चार्ज मिळाला तर प्रायव्हेटमध्ये बेडच्या खर्चात निघून येतं, पण जनरल वॉर्डातल्या पेशंटला, ज्याला बेड जवळपास फुकट आहे, त्याला ते गणित लागू होत नाही, त्याच्यावर हा खर्च टाकताना विचार करा. माझी खरी तक्रार मशीनबद्दल नाही, सप्लायबद्दल आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या ज्या डीलरकडून आम्ही घेतो तो ऑर्डर घेताना आज संध्याकाळी पाठवतो म्हणतो आणि माल येतो तिसऱ्या दिवशी. जुलैत एकदा हिंदमाताला पाणी भरलं आणि त्याचा माणूस अर्ध्यातून परत गेला, आमच्याकडे मशीन तयार आणि कॅनिस्टर एकही नाही, त्या पेशंटला शेवटी साधी बॅग लावली. बॅगेवरही पेशंट बरा झाला, कारण टेबलवर लीक नीट शिवलेला होता. पण पावसाळ्याआधी स्टॉक भरून ठेवा, आणि साध्या बॅगा कपाटातून हद्दपार करू नका.

घ्यायचं कुणी? जिथे आठवड्याला नियमित फुफ्फुसाची ऑपरेशन होतात, डिकॉर्टिकेशन जास्त आहेत, रेसिडेंट सारखे बदलतात, तिथे नक्की घ्या, एक नाही दोन घ्या, कारण एक पेशंट लांबला की मशीन अडकून पडतं. जिथे महिन्यातून एखादी केस होते तिथे लागेल तेव्हा भाड्याने मिळतंय का ते बघा आणि वाचलेले पैसे चांगल्या स्टेपलर रिलोडला, सीलंटला ठेवा. आणि ज्या ठिकाणी पाण्याची टेस्टच घाईत उरकली जाते त्यांनी आधी ती नीट करायला लागा, त्याला कोमट सलाईन आणि दहा मिनिटं एवढाच खर्च आहे.

मागवणार असाल तर कॅनिस्टरचे तीन साइज येतात, ०.३, ०.८ आणि २ लिटर. न्युमोथोरॅक्सला (छातीत नुसती हवा साठली असेल तर) छोटा पुरतो, लोबेक्टॉमीला ०.८, आणि डिकॉर्टिकेशन किंवा जास्त पाणी येणाऱ्या पेशंटला सरळ २ लिटरचा लावा, नाहीतर रात्री बदलावा लागतो. नळी एका ड्रेनची वेगळी आणि दोन ड्रेनची वेगळी येते, ऑर्डरमध्ये ते स्पष्ट लिहा, आमच्याकडे सगळ्या एकाच प्रकारच्या आल्या होत्या आणि बदलून मिळायला पुन्हा त्याच डीलरच्या मागे लागावं लागलं.